शाळा धर्माची, पैशाची की परिसराची?



एखाद्या वस्तीतील शाळा नेमकी कोणाची असते? इमारतीवर ज्याच्या नावाची पाटी आहे त्याची, शिक्षकांचा पगार जो देतो त्याची, की ज्या वस्तीत ती उभी आहे त्या वस्तीची? वरवर पाहता हा प्रश्न मालमत्तेचा आणि म्हणून वकिलांचा वाटतो. वस्तुतः तो अर्थकारणाचा आणि लोकशाहीचा प्रश्न आहे. शिक्षणाचा लाभ एकट्या शिकणाऱ्याच्या पदरात पडत नाही. त्याचा शेजारी, त्याचे गाव आणि पुढची पिढी यांनाही तो मिळतो. म्हणून शिक्षणाचा खर्च समाजाने उचलावा, यावर अर्थशास्त्रातील डाव्या-उजव्या पंथांचे बऱ्याच अंशी एकमत आहे. वाद सुरू होतो तो त्यानंतर. समाजाचा पैसा, धर्मसंस्थेचे छत्र आणि खाजगी चालकांचे व्यवस्थापन ही जिथे एकत्र येतात, तिथे परिसरातील गरिबाच्या मुलाला स्थान कोणते, याचे उत्तर गेल्या पाऊणशे वर्षांत प्रामाणिकपणे दिले गेलेले नाही.

उदाहरण म्हणून पुणे शहर घ्यावे. लष्कर भागात एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या चर्चच्या शाळा आहेत. पेठांमध्ये राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीतून निघालेल्या शिक्षणसंस्था आहेत. मुस्लिम समाजाने उभारलेली शैक्षणिक संकुले आहेत. महानगरपालिकेच्या मराठी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमांच्या शाळा आहेत. आणि शहराच्या वाढत्या कडेने, उंच इमारतींच्या शेजारी, स्वयंअर्थसहाय्यित शाळांची रांग आहे. एकाच रस्त्यावरची चार मुले सकाळी चार दिशांना जातात. कोण कोणत्या दिशेला जाणार हे मुलाच्या बुद्धीवर ठरत नाही. बापाची मिळकत, घरातला धर्म आणि काही वेळा बोलीभाषा यांवरून ते आधीच ठरलेले असते.

जुन्या वादाची नवी आवृत्ती

धर्मसंस्थांच्या शाळांविषयी बोलताना इतिहासाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. महात्मा फुले यांचे इंग्रजी शिक्षण पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले. ज्या समाजाने शूद्रातिशूद्रांना अक्षरांपासून शतकानुशतके दूर ठेवले, त्या समाजातील एका माळ्याच्या मुलाला मिशनऱ्यांच्या शाळेचे दार उघडे मिळाले, ही वस्तुस्थिती आहे. १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली, तिच्यामागे ही प्रेरणाही होती. तेव्हा मिशनची शाळा म्हटले की धर्मांतराचा कारखाना, असे समीकरण मांडणाऱ्यांनी आधी या ऋणाचा हिशेब करावा. त्यांच्यातील अनेकांची मुले-नातवंडे याच शाळांच्या प्रवेशासाठी रांगेत उभी असतात, ही गोष्ट वेगळीच.

मात्र मिशनच्या शाळेत शिकलेल्या याच फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन केले, त्यात धर्मसंस्थांच्या किंवा परोपकारी गृहस्थांच्या दयेवर बहुजनांचे शिक्षण सोपवा, असे म्हटले नाही. त्यांचा युक्तिवाद करदात्याचा होता. सरकारी तिजोरीतील महसुलाचा मोठा वाटा रयतेच्या श्रमातून येतो आणि त्यातून होणाऱ्या शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, हे त्यांनी दाखवून दिले आणि किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सार्वजनिक वित्तव्यवहाराचे इतके स्वच्छ विवेचन त्या काळात क्वचितच कोणी केले असेल. पैसा कोणाचा आणि लाभ कोणाला, हा फुल्यांचा प्रश्न आजच्या वादालाही जसाच्या तसा लागू पडतो.

पुढे १९११ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक कायदेमंडळात मांडले आणि ते पुढील वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश हिंदुस्थानात जे झाले नाही ते १९१७ साली कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी सुरू केले. शाहू महाराजांची वसतिगृहे मात्र जातिधर्मवार होती. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी निरनिराळी. त्या अवस्थेत ते योग्यच होते. ज्या समाजाला शिक्षणाची परंपराच नव्हती, त्याला आधी स्वतःचे म्हणता येईल असे छप्पर हवे होते. पुढचे पाऊल कर्मवीर भाऊराव पाटील यांनी टाकले. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह काढले. एका समाजाचे छप्पर ही शिडीची पायरी आहे, मुक्कामाची जागा नाही, हे या दोन प्रयत्नांच्या क्रमातून ध्यानात येते.

स्वतंत्र भारताने घटनेच्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात दहा वर्षांची मुदत घातली. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला १९६० सालापर्यंत मोफत व सक्तीचे शिक्षण मिळायचे होते. ते मिळाले नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, समान शाळापद्धती आणि परिसरशाळा यांची शिफारस केली. वस्तीतल्या सर्व मुलांनी वस्तीतल्याच शाळेत एकत्र शिकावे, असा या कल्पनेचा गाभा. राष्ट्रीय उत्पन्नाचा सहा टक्के भाग शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्टही याच आयोगाचे. सहा टक्क्यांचा उच्चार त्यानंतरच्या प्रत्येक धोरणात झाला. परिसरशाळेचा उच्चार मात्र हळूहळू मावळत गेला.

पंचवीस टक्क्यांचा तोडगा

२००९ साली शिक्षणहक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यातील बाराव्या कलमाने विनाअनुदानित खाजगी शाळांना पहिलीच्या किंवा प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा परिसरातील दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी राखण्यास सांगितले. परिसर म्हणजे प्राथमिक वर्गांसाठी एक किलोमीटर आणि उच्च प्राथमिकसाठी तीन किलोमीटर. या मुलांची फी शासनाने शाळेला द्यायची.

समाजवादी विचारांच्या लोकांनी या तरतुदीकडे आरंभी साशंकतेने पाहिले, आणि ती शंका निराधार नव्हती. शासनाने शाळा चालविण्याऐवजी मुलामागे पैसे द्यावेत व ते घेऊन पालकाने हवी ती शाळा निवडावी, ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ सालीच मांडली होती. पंचवीस टक्क्यांची तरतूद तिचीच एक दूरची नातेवाईक आहे. कोठारी आयोगाची परिसरशाळा शंभर टक्के मुलांची होती. ती येथे एक चतुर्थांश झाली. शिवाय हक्क आठवीपर्यंतच. मोलकरणीचा मुलगा मोठ्या शाळेत आठ वर्षे शिकतो, तिथली भाषा आणि मित्र आपलेसे करतो, आणि नववीच्या उंबरठ्यावर त्याच्या आईच्या हाती पूर्ण फीचे पत्रक पडते. ज्या वयात मूल शाळेत टिकविणे सर्वांत आवश्यक, त्याच वयात कायद्याचा हात सुटतो.

तरीही या तरतुदीने एक गोष्ट केली. शाळेच्या भिंतीबाहेरच्या एक किलोमीटरचा शाळेवर हक्क आहे, हे तत्त्व प्रथमच कायद्यात लिहिले गेले. म्हणूनच तिच्यावर हल्ला झाला, तो नेमका याच किलोमीटरवर.

९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियमांत दुरुस्ती केली. ज्या खाजगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, तिला पंचवीस टक्क्यांच्या बंधनातून सूट मिळाली. शहरांत अशी शाळा नसलेली वस्ती शोधूनही सापडायची नाही. म्हणजे तरतूद कागदावर राहिली आणि व्यवहारातून गेली. गरिबाचे मूल जवळ आहे म्हणून त्याला शाळेत घ्यावे, या अर्थाने आलेला किलोमीटर, गरिबाची शाळा जवळ आहे म्हणून त्याला घेऊ नये, या अर्थाने वापरला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात या दुरुस्तीला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. पुढील महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. ही लढाई पालकांनी व कार्यकर्त्यांनी जिंकली, याचे समाधान जरूर मानावे.

पण त्या वर्षाचा दुसरा धडा अधिक कठीण आहे आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. दुरुस्तीनंतर यादीत प्रामुख्याने शासकीय व अनुदानित शाळा आल्या, तेव्हा पालकांनी अर्जांकडे पाठ फिरविली. जुनी पद्धत पुन्हा लागू होताच सुमारे एक लाख जागांसाठी दोन लाखांहून अधिक अर्ज आले. ज्यांच्या वतीने सार्वजनिक शाळेचा कैवार घ्यायचा, त्या कष्टकरी आई-बापांनीच तिच्यातून बाहेर पडण्याची वाट शोधली. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. आपले मूल त्या वर्षी सहा वर्षांचे आहे आणि ते पुन्हा सहा वर्षांचे होणार नाही, हे त्यांना कळते. व्यवस्था सुधारेपर्यंत थांबा, असे त्यांना सांगणारांची मुले बहुधा थांबलेली नसतात.

जाणारे गेले, मागे कोण राहिले?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या घटनेचे मर्म सांगितले आहे. एखादी संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात : ती सोडून जाणे किंवा तिच्यात राहून आवाज उठविणे. बाजारात गिऱ्हाईक सोडून गेले की दुकानदार घाबरतो आणि सुधारतो. सार्वजनिक सेवेचे तसे नसते. तिथे सर्वांत आधी तेच जातात ज्यांचा आवाज मोठा असतो. ते गेले की तक्रार करणाराच उरत नाही आणि बिघाड वेगाने वाढतो.

महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांचे हेच झाले. ज्या काळात डॉक्टर, मामलेदार आणि शिक्षक यांची मुले गावच्याच शाळेत जात, त्या काळी छप्पर गळले तर तालुक्याच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी चर्चा होई. तो वर्ग आधी अनुदानित खाजगी शाळेत गेला, तिथून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत आणि तिथून स्वयंअर्थसहाय्यित शाळेत. महाराष्ट्राने २०१२ साली अशा शाळांसाठी स्वतंत्र कायदाच केला. मागे राहिले ते वीटभट्टी कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, ऊसतोड मजूर आणि हातगाडीवाले. त्यांच्यापाशी सोडून जाण्याइतका पैसा नाही आणि आवाज उठविण्याइतका वेळ नाही. मग पटसंख्या घटली आणि घटलेली पटसंख्या हेच शाळा बंद करण्याचे कारण झाले. २०२३ साली कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची योजना पुढे आली, त्याच वर्षी शाळा उद्योगांना व देणगीदारांना दत्तक देण्याचा निर्णयही झाला. वाडीवरची शाळा चार किलोमीटर लांब गेली की प्रथम मुलीचे दप्तर खुंटीला लागते, हे सांगायला कोणत्याही अहवालाची गरज नाही.

अल्पसंख्याकांचा हक्क आणि त्याचा आडोसा

आता अधिक नाजूक भागाकडे वळावे लागेल. धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा व चालविण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या अनुच्छेदाने दिला आहे. फाळणीच्या जखमा ओल्या असताना दिलेले ते वचन आहे आणि त्याला धक्का लावता कामा नये. बहुसंख्याकवादाचा जोर वाढलेला असताना तर नाहीच नाही.

परंतु वचनाचा अर्थ काय, हे पाहिले पाहिजे. खाजगी विनाअनुदानित संस्थांवर शासन स्वतःच्या जागांचा कोटा लादू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली दिला. तो इनामदार खटला म्हणून ओळखला जातो आणि त्याची मुळे पुण्याच्याच शिक्षणक्षेत्रात आहेत. त्यावर तोड म्हणून संसदेने त्र्याण्णवावी घटनादुरुस्ती केली, पण तिच्यातून अल्पसंख्याक संस्था वगळल्या. २०१२ साली न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून मोकळे केले. ६ मे २०१४ च्या प्रमती खटल्यात ही सूट अनुदानित अल्पसंख्याक शाळांनाही मिळाली. म्हणजे पगार सार्वजनिक तिजोरीतून आणि परिसराचे बंधन मात्र नाही.

या सुटीचा लाभ कोणाला होतो? राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अल्पसंख्याक शाळांतील ६२.५ टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजाबाहेरचे आहेत. ख्रिस्ती शाळांत हे प्रमाण ७४ टक्के आहे. सामाजिक व आर्थिक दृष्ट्या वंचित घटकांतील विद्यार्थी अवघे ८.७६ टक्के. हे आकडे हाती घेऊन अल्पसंख्याकांना झोडपणारे लोक त्यातील अर्थ सोयीस्करपणे गाळतात. या शाळांत बहुसंख्य समाजाचीच मुले मोठ्या प्रमाणात शिकतात, आणि ती बहुतांशी सुस्थितीतली. कवच तिसाव्या अनुच्छेदाचे, पण त्याखाली सुरक्षित आहे तो सर्व धर्मांचा सधन वर्ग. धर्माच्या भिंतीसारखी दिसणारी ही भिंत मुळात फीची भिंत आहे.

गरीब मुस्लिम मुलाचे काय? शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी अवघी तीन टक्के मदरशांत जातात, हे सच्चर समितीने २००६ सालीच नोंदविले. बाकीची मुले जिथे शिकतात त्यात महापालिकेच्या उर्दू व मराठी शाळांचा वाटा मोठा आहे. अशी शाळा मोडकळीस आली की अल्पसंख्याकांच्या हक्काची खरी पायमल्ली होते. त्यावर मात्र ना मौलवी बोलतात, ना धर्माच्या नावाने मते मागणारे पुढारी.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१४ च्या निर्णयाबद्दल शंका व्यक्त केली. अल्पसंख्याक दर्जा हा कायदा चुकविण्याचा मार्ग होऊ लागल्याची चिंता व्यक्त करून हा प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा, असे त्यांनी सुचविले. त्यातून मार्ग निघू शकतो. शाळेचे व्यवस्थापन, भाषा, संस्कृती आणि शिक्षकांची निवड हे अल्पसंख्याक संस्थेचे हक्क अबाधित ठेवावेत. पंचवीस टक्के जागा मात्र गरिबांच्या असाव्यात आणि त्यांत त्या समाजातल्या गरीब मुलांना पहिला मान द्यावा. चर्चच्या शाळेत वसईच्या कोळ्याचे किंवा नगरकडच्या ख्रिस्ती शेतमजुराचे मूल बसले, उर्दू संस्थेच्या इंग्रजी शाळेत मोमीनपुऱ्यातील कारागिराचे मूल बसले, तर तिसाव्या अनुच्छेदाचा भंग होणार नाही. उलट तो सार्थ होईल. न्याय मात्र समतोल हवा. बहुसंख्य समाजाच्या धार्मिक-सांस्कृतिक प्रेरणेने चालणाऱ्या शाळांचे जाळेही देशभर पसरलेले आहे. सार्वजनिक मान्यता घेणाऱ्या शाळेत कोणत्याही मुलावर धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती नको, हा अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचा दंडक क्रूसाखालच्या शाळेला जसा लागू आहे तसाच भगव्या पताकेखालच्या शाळेलाही.

काय मागावे?

मागण्या थोड्या आणि स्पष्ट असाव्यात. शिक्षणाचा हक्क बारावीपर्यंत वाढवावा. आठवीनंतर मुलाला शाळेबाहेर काढणारा हक्क अपुरा आहे. महाराष्ट्रात दरवर्षी मुलामागे सतरा हजार सहाशे सत्तर रुपये असा प्रतिपूर्तीचा दर ठरला, पण ती रक्कम वर्षानुवर्षे थकते आणि थकबाकीचा राग वर्गातल्या मुलावर निघतो. ती वेळेवर द्यावी आणि शाळावार जाहीर करावी. कमी पटाच्या नावाखाली वाडीवस्तीवरची एकही शाळा पालकांच्या संमतीवाचून बंद होऊ नये. आणि कायद्याने दिलेल्या शाळा व्यवस्थापन समित्या, ज्यांत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे बंधन आहे, त्या खऱ्या अर्थाने जिवंत कराव्यात. यातील शेवटचे काम शासनाचे नाही, कार्यकर्त्यांचे आहे. समितीच्या बैठकीची सूचना लागते कधी, सही कोणाची घेतली जाते, मुख्याध्यापकांची रिक्त जागा किती महिने रिक्त आहे, हे विचारायला कोणत्याही न्यायालयात जावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट सुखवस्तू पुरोगाम्यांना सांगितलीच पाहिजे. सार्वजनिक शाळा भाषणांनी वाचत नाही. जिथे नगरसेवकाचे, प्राध्यापकाचे आणि कामगार पुढाऱ्याचे मूल त्या शाळेत बसते, तिथे तिचे छप्पर गळत नाही. हर्शमनच्या भाषेत सांगायचे तर गेलेला आवाज परत आणावा लागेल.

पंचवीस टक्क्यांच्या जागा राखायच्या त्या शेवटचा तोडगा म्हणून नव्हे. चार दिशांना जाणारी मुले एका रस्त्याने शाळेत जाईपर्यंत मधल्या काळात एकाही मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, इतकाच त्यांचा उपयोग. धर्माने आणि दानशूरांनी शाळा काढल्या, त्याबद्दल समाज त्यांचा ऋणी आहे. पण शाळेभोवतीच्या त्या एका किलोमीटरात जन्मलेल्या मुलाचा हक्क कोणाच्या दानाने आलेला नाही. तो त्याच्या आई-बापांच्या घामातून भरलेल्या करांनी आधीच विकत घेतलेला आहे. फुल्यांनी १८८२ साली हिशेब मांडला होता. येणे अजून वसूल व्हायचे आहे.